लांडग्याचं पिल्लू कुणाचं?

आमच्या वसमत भागात सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं आलं, तसा ऊस वाढला, हळद वाढली. चार पैसे हातात आले. पण त्याच पायी माळरानं मोडली. लांडगा हा काही दाट जंगलातला जीव नाही. तो माळावरचा. बीळ माळाला, पिल्लं माळाला. माळ गेल्यावर त्यानं जावं कुठं?

मागल्या साली नातवाला घेऊन हेमलकशाला गेलो. नांदेड, चंद्रपूर, आलापल्ली करत भामरागडच्या जंगलात. बाबा आमट्यांनी १९७३ ला तिथं माडिया लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे अन् मंदाताईंनी तो पुढं चालवला. एकदा शिकार करून आणलेल्या माकडिणीला तिचं जितं पिल्लू बिलगलेलं डॉक्टरांनी पाहिलं. ते मागून घेतलं, अन् तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, तरस, कोल्हे आम्ही जवळून पाहिले.

नातू म्हन्ला, "आबा, यायला जंगलात सोडून का देत न्हाईत?"

मी म्हन्लं, "बाळा, मानसाच्या हातचं खाऊन वाढल्यावर शिकार कोन शिकविनार? ते त्याच्या मायचं काम."

गावी आल्यावर शेतात मेंढरं बसवली होती. धनगर सांगू लागला, "मालक, लांडग्यानं दोन कोकरं नेली. बीळ घावलंय, धूर देतो."

मी त्याला खाली बसवलं. १९७२ च्या कायद्यानं लांडग्याला वाघाएवढंच संरक्षण आहे. मेंढरू मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण लगेच कळवून पंचनामा करावा लागतो. हे सगळं सांगितलं.

तो म्हन्ला, "पंचनाम्यापाई दिवसभर हिंडलो, तर मेंढरं कोन राखील?"

त्याचं काय चुकलं? लांडगा जगावा असं सगळ्यालाच वाटतं, कोकरू मात्र त्याचंच जातं. मग त्याची मेंढरं राखायला पोराला बसवलं, अन् त्याला फटफटीवर घेऊन वनरक्षकाकडं गेलो. पंचनामा झाला. बिळाला धूर दिला नाही.

आता पोरगा म्हणतोय, वरचा चार एकर माळ जेसीबीनं मोडू, हळद लावू. त्याचा हिशोब खोटा नाही. पण त्याला म्हन्लं, मी हाय तवर ऱ्हाऊ दे. पिल्लायला माय हाय, तिला जागा पायजे.