मुरगळलेला पाय

मित्रांनो, चांदूर बाजारला आम्ही रोज कबड्डी खेळत असू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला हा खेळ दाखवला, याचा आम्हांला अभिमान होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्या मित्राचा घोटा मुरगळला. "कोणाला सांगू नकोस, मला संघातून काढतील," तो म्हणाला. मी त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाय चोळू दिला नाही. चार पावले चालायला सांगितले. त्याला चालवेना, म्हणून एक्स-रे काढला. हाड शाबूत होते.

"आता खेळू?" मित्राने विचारले.

"याच पायावर न दुखता उड्या मारशील, त्या दिवशी खेळ," डॉक्टर म्हणाले.

तो सामना हुकला. पण पुढचा हंगाम तो पुरा खेळला. मित्रांनो, दुखणे लपवू नका.