भाल्याचं टोक

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी दहाच्या आत ओतकामाला हात घालू नये. पलीकडे पळ्ळिकरणैची दलदल, रात्रभर हवा ओली. शंखजिऱ्याच्या गुठळ्या होतात आणि साच्यात नखभर ओल राहिली तरी कथील तोंडावर थुंकतं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाचं पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हा साचे वाचले, रबराला पाण्याचं काही वाटत नाही. हिशोबाच्या वह्या तेवढ्या भिजून लगदा झाल्या. मी चारचौघांत हळहळलो, पण मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

मी २८ मिलिमीटरचे मावळे ओततो. बारगीर, इब्राहिमखानाचे गारदी, तोफा ओढणारे बैल. टेबलावर पानिपत मांडून खेळायच्या खेळाचं नियमपुस्तकही मीच लिहितो, मीच छापतो. म्हणजे कारागीर मी आणि प्रकाशकही मीच, आणि ११ वर्षं यातला पहिला दुसऱ्याला फसवत आला.

फसवणुकीचं मूळ भाल्यात आहे. माणसाच्या जवळजवळ दुप्पट लांब आणि टोकाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. टोक फिरत्या साच्याच्या बाहेरच्या कडेकडे ठेवावं तर धातू जोरात जातो, पण पुढची हवा नेमकी टोकात कोंडते आणि भाला बोथट निघतो. हवेला वाट कापून दिली की त्या वाटेत धातूचा केस येतो; तो छाटताना टोक वाकतं. चक्राचा वेग वाढवला तर साच्याच्या दोन तबकड्यांच्या मधून पापुद्रा सुटतो. धातू जास्त तापवला तर टोक झकास भरतं, पण रबर करपतं आणि साच्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. अँटिमनी वाढवून पाहिली, बिस्मथ घालून पाहिलं. हवेच्या वाटा सुईने पाडल्या, पातीने पाडल्या, एकदा तर घोड्याच्या शेपटीचा केस साच्यात घालून ओढून काढला. रात्री डोळे मिटले की भाला दिसायचा.

धंद्यातला कुणीही यावर हसेल. मूठ पोकळ ठेव, भाला तारेचा दे, जगभर हेच चालतं. मलाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण डब्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘एकसंध ओतीव’ छापलं होतं आणि परदेशातल्या एका बुजुर्ग ओताऱ्याने माझा बारगीर हातात फिरवून ‘हा भाला कसा काढलास?’ असं विचारलं होतं. त्या एका प्रश्नावर मी किती वर्षं जगलो, देव जाणे.

लहानपणी पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यातून दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे आणायचो. त्यांचे मातीचे भाले वसुबारसेलाच मोडायचे. आई खराट्याची काडी खोचून द्यायची आणि मला त्या काडीची भयंकर लाज वाटायची. गंमत अशी की ज्या पोरासाठी हे सगळं सुरू केलं त्याला माझा मावळा विकता येत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं झालं. त्या चाचण्यांचा खर्च माझ्यासारख्याला झेपणारा नाही, म्हणून डब्यावर ‘१४ वर्षांवरील खेळाडूंसाठी’ असं छापून मोकळा झालो. माझे गिऱ्हाईक चाळिशीपुढचे, टक्कल पडलेले, आणि दर तिघांतले दोघे अमेरिकेत.

तिथेच २०२५ च्या ऑगस्टमध्ये घाव बसला. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढली. जकात कुणी, कशी गोळा करायची हे ठरलेलं नव्हतं, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ तारखेपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. मधे २७ ला भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर गेली. ऑक्टोबरच्या मध्यात टपाल पुन्हा सुरू झालं, तोवर दीड महिना मी बांधलेले डबे मोजत बसलो होतो. काम नसलं की माणूस हिशोब करतो.

खरं म्हणजे हिशोब मी केला नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी आहे, इथलीच, आठवड्यातले तीन दिवस येते. ती संगणकावर मूर्ती घडवते आणि रेझिनमध्ये छापते. माझी बोटं हल्ली संध्याकाळी बधिर होतात, कानस हातातून निसटते, त्यामुळे चेहरे आता तीच करते. तिने वही उलटसुलट चाळली आणि विचारलं, “सार, तुमचा पगार कुठे लिहिलाय?” मी म्हटलं, मालक पगार घेत नाही, नफा घेतो. तिने कथील, भाडं, वीज, छपाई यांच्या खाली माझे तास मांडले, शेडमधल्या मदतनिसाला देतो त्याच दराने. नफा संपला. आणखी थोडं खाली गेल्यावर तोटा सुरू झाला.

मग आठवडाभर भिंतीवर खडूने रेघा मारल्या. १०० भालाइतांमागे ३४ परत मुशीत. मी नेहमी म्हणायचो, बिघडलेला मावळा फुकट जात नाही, धातू पुन्हा वितळतो. ती म्हणाली, धातू वितळतो हो, पण तुम्ही ते कापायला दुपार घालवलीत ना? मार्च २०२२ मध्ये लंडनच्या बाजारात कथील टनाला ५० हजार डॉलरपर्यंत चढलं होतं, तेव्हाही मी किंमत वाढवली नव्हती. मावळा महाग झाला असं कुणी म्हणू नये, इतकंच. याला मी औदार्य समजत होतो.

दुसऱ्यांच्या धंद्याच्या तब्येतीवर मात्र मी छातीठोक बोलायचो. गेम्स वर्कशॉपच्या कवट्यांचा मला मनस्वी कंटाळा. पण १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या शेअरबाजाराच्या पहिल्या १०० त जाऊन बसली. बाहुली नॉटिंगहॅममध्ये स्वतः घडवते आणि स्वतःच्या दुकानात विकते. शिव्या घालाव्यात, पण भाव पाडत नाही हेही बघावं. लोकवर्गणीवाल्यांचं मला कधीच पटलं नाही. २०१२ साली टेक्ससच्या रीपर या बाहुल्यांच्या कंपनीने त्या वाटेने ३४ लाख डॉलर जमवले आणि सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. आजच्या गिऱ्हाईकाच्या पैशातून कालच्या गिऱ्हाईकाचा डबा पाठवायचा, हा भिशीचा धंदा झाला. हाँगकाँगच्या बाजारात नोंदलेल्या सीएमओएन या खेळांच्या कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये नवे खेळ थांबवले, पुढे आपला ‘झॉम्बिसाइड’ हा खेळही विकला. हे वाचून मला बरं वाटलं होतं. वाटायला नको होतं, कारण त्यांना निदान आपला तोटा माहीत होता.

शेजारच्या मामी दर नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्यांसाठी छोटे दशावतार ओतून मागतात आणि मी दर वर्षी नाक मुरडतो: मी शोभेच्या बाहुल्या करत नाही! मैलापूरमध्ये त्या दिवसांत बाहुल्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते, हे मुलीने मला दोनदा ऐकवलंय. या वर्षी मात्र वराहापर्यंत आलो आहे. नरसिंहाची नखं भरत नाहीयेत, पण तो विषय वेगळा.

जानेवारीत तिने बारगिराची मूठ पोकळ केली. मी दिवसभर बोललो नाही. दुपारी साचा उघडला तर १०० तले ९६ धड. पोलादी तार कापून तिचं टोक ठोकून चपटं करायला मला भाल्यामागे अर्धं मिनिट लागतं, आणि ते टोक ओतीव टोकापेक्षा धारदार असतं. हे लिहिताना अजून त्रास होतो.

नव्या डब्यावरून ‘एकसंध ओतीव’ काढलं आहे आणि किंमत चारशे रुपयांनी वाढवली आहे. त्यातले दीडशे माझ्या तासांचे. भाले वेगळ्या पुडीत आहेत, आठ माणसांना नऊ. चिकटवायचा गोंद डब्यात नाही, तो तुमचा तुम्ही आणा.