उतरवण्यासाठी बांधलेली सजावट

इंग्लंडमधील उत्तर यॉर्कशर परगण्यातल्या नेअर्सबरो या गावी 1966 पासून दरवर्षी जून महिन्यात पलंगांची शर्यत भरते. या शर्यतीत एकाच दिवशी दोन वेगळ्या परीक्षा होतात, आणि तिथली सजावट समजून घ्यायची तर त्या परीक्षांचा क्रम आधी ध्यानात घ्यावा लागतो. प्रत्येक संघात सहा धावणारे व पलंगावर बसणारा एक प्रवासी असतो. ‘पलंग’ हे नाव इथे पोलादी नळ्यांच्या चौकटीला चार चाके जोडून आणि पाण्यात बुडू नये म्हणून हवाबंद तरंगके बांधून केलेल्या गाड्याला आहे. हे गाडे त्या वर्षीच्या ठरलेल्या विषयानुसार सजवून प्रथम गावातून मिरवले जातात आणि परीक्षक सजावटीचा निवाडा करतात. मग सजावट उतरवली जाते आणि उघडे गाडे सुमारे 2.4 मैलांच्या, म्हणजे जवळपास 3.9 किलोमीटरच्या मार्गावर धावतात. या मार्गात किल्ल्याकडे जाणारा खडा चढ आहे, आणि शेवटी निड नदी पोहून पार करावी लागते.

प्रस्तुत लेखिकेने अशा एका संघाच्या सजावटीत प्रत्यक्ष काम केले असून पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. संघाने चहाच्या किटलीची आकृती निवडली, कारण तिचे पोट पलंगाची चौकट झाकण्याइतके रुंद करता येते आणि झाकणाच्या जागी प्रवाशाचे डोके बाहेर काढता येते. या कामाचा पहिला नियम असा की, शर्यतीच्या चौकटीला सजावटीसाठी एकही भोक पाडायचे नाही. जी नळी पुढे खडकाळ रस्त्याचे हादरे व सहा माणसांचा रेटा सोसणार आहे, तिला शोभेसाठी कमकुवत करणे हा धावणाऱ्यांवर अन्याय होय. म्हणून प्लायवूडचा एक स्वतंत्र तळ कापून तो चौकटीवर पकडपट्ट्यांनी बसवला गेला, आणि त्या पट्ट्यांना पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवता येतील असे नट लावले गेले. गणपतीचे घडीचे मखर वर्षानुवर्षे जोडण्या-सोडण्याची सवय असलेल्या हातांना ही रचना परकी वाटली नाही. मात्र मखर एका जागी उभे असते आणि ही किटली दगडी फरसबंदीवरून ढकलत न्यायची होती, हा फरक लहान नव्हता.

किटलीचा सांगाडा नळकामातील पातळ प्लास्टिकच्या नळ्या वाकवून केला गेला, कारण बांबूच्या कामट्या तिथे सहज मिळत नाहीत आणि लाकडी पट्ट्या इतक्या गोलाईत वळत नाहीत. त्या नळ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी छिद्रांची तारेची जाळी ताणून बसवली गेली, आणि तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या खळीत भिजवून थरावर थर चढवले गेले. हे काम दिसते सोपे, पण त्यात घाई चालत नाही. खालचा थर ओला असताना वरचा चढवला तर आतला ओलावा कोंडून कागदाला बुरशी धरते, आणि एकाच दिशेने पट्ट्या लावल्या तर वाळताना कवच त्या अंगाला ओढले जाऊन वेडेवाकडे होते. म्हणून प्रत्येक थराच्या पट्ट्या आधीच्या थराला आडव्या लावाव्या लागतात. यॉर्कशरच्या जूनमध्ये पाऊस गृहीतच धरायचा असतो, त्यामुळे शेवटी पांढऱ्या गोंदाचा हात आणि त्यावर बाहेरच्या भिंतींचा रंग आवश्यक ठरला. खरा प्रश्न तोटीचा होता. पुढे झेपावणारी तोटी लांब ठेवली तर किटली किटलीसारखी दिसते, पण वळणावर ती गर्दीत घुसण्याची भीती असते. शिवाय ढकलणाऱ्यांना पुढचा रस्ता दिसला पाहिजे. तोटी आखूड करून वर वळवण्याचा निर्णय हा सौंदर्य व सुरक्षितता यांमधला सौदा असला, तरी त्या वळणानेच आकृतीला डौल आला, असे लेखिकेचे मत आहे.

या कामात धावू न शकणाऱ्यांना जे स्थान मिळते, त्याची नोंद विशेष आस्थेने करणे आवश्यक वाटते. चढावर गाडा ओढण्याचे बळ मोजक्यांपाशीच असते, परंतु कागद फाडणे, खळ शिजवणे आणि सहाही जणांचे पोशाख शिवणे यांत गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांचा हात लागतो. सजावटीचा निवाडा शर्यतीच्या वेळेपासून स्वतंत्र असल्यामुळे या हातांना त्यांचे स्वतःचे यशापयश लाभते. शर्यतीतून जमणारा निधी स्थानिक सेवाकार्यांना जातो, हे कारण तर आहेच, पण शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी जमणाऱ्यांना त्याहून जवळचे कारण एकमेकांची सोबत हे होते.

इतरत्र सजावट व धाव यांचे नाते वेगळे आढळते. कॅलिफोर्नियातील फर्नडेल येथे 1969 मध्ये सुरू झालेल्या, मानवी बळावर चालणाऱ्या शिल्पांच्या शर्यतीत वाळू, पाणी आणि डांबरी रस्ता ओलांडताना कलाकृती अंगावरच राहते, त्यामुळे ती यंत्राचाच भाग म्हणून घडवावी लागते. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे 1962 पासून कोरड्या टॉड नदीच्या पात्रात बिनतळाच्या नावा हातांनी उचलून धावतात. तिथे आकृती वेगळी काढली तर शर्यतच उरत नाही. नेअर्सबरोची सजावट मात्र न तुटता सुटली पाहिजे, आणि ही अट तिच्या प्रत्येक जोडाला लागू होते.

आमच्या संघाने मिरवणुकीनंतर मैदानात सजावट उतरवताना नट बोटांनी सैल झाले, चौघांनी तळासह किटली उचलली आणि प्रवाशाने शिरस्त्राण चढवेपर्यंत गाडा मोकळा झाला. कागदी कवच पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही, कारण पुढच्या वर्षी विषय बदलतो. जाळीही कापून काढावी लागते. प्लायवूडचा तळ, पकडपट्ट्या आणि वाकवलेल्या नळ्या मात्र संघाने गॅरेजच्या माळ्यावर जपून ठेवल्या असून त्या तळाच्या मापातच पुढील आकृती बसवण्याचे ठरले आहे.