सरोवराच्या कुंपणाबाहेर

दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेच्या समोर जे तळे आहे, त्याला आज सगळे सलीम अली सरोवर म्हणतात. मोगल काळात तो खिजरी तलाव होता. नावावरून वाद घालण्याची सवय असलेल्या आमच्या शहरात हे नाव आता पुरते रुळले आहे. सलीम अली यांनी १९३१-३२मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हे शहर त्या संस्थानातच होते. त्यामुळे नाव उपरेही म्हणता येत नाही. मात्र भाषेच्या शिक्षकाला एक गोष्ट जाणवत राहते. ‘तलाव’ म्हटले की माणसाने आपल्यासाठी साठवलेले पाणी डोळ्यांसमोर येते. त्याला पक्षिशास्त्रज्ञाचे नाव दिले की त्याच पाण्यावर आणखी कुणाचा तरी हक्क आपण मान्य केलेला असतो. तो मान्य करताना आपल्याला काय सोडावे लागेल, याचा विचार मात्र सहसा केलेला नसतो.

माझ्या हे उशिरा लक्षात आले. जैवविविधतेच्या रक्षणासाठी सरोवराचा परिसर लोकांसाठी बंद झाला, तेव्हा तो पुन्हा खुला करावा अशा एका अर्जावर मी सही केली होती. माझे कारण खोटे नव्हते. पहाटे निर्धास्तपणे चालता येईल अशा जागा या शहरात थोड्या आहेत. गुडघे दुखणारी म्हातारी माणसे आणि एकट्या चालणाऱ्या बायका यांना त्या आणखीच थोड्या. मात्र पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने सही करायला नकार दिला. अर्जात आम्ही ‘काठावरची घाण काढावी’ असे लिहिले होते. त्याने विचारले, “घाण म्हणजे पाणकणीसच ना? जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटे करते.” आम्हा दोघांचे बोलणे एकाच काठाविषयी चालले होते, आणि एकाच्या शब्दकोशातली घाण दुसऱ्याच्या शब्दकोशात घर होती.

असा पेच आला की आपण एखादे समान माप शोधू लागतो. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१मध्ये झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली आणि तिला झाडाच्या वयाने गुणले. त्याच वर्षी महाराष्ट्राने वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षे व त्यापुढील झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेत, कारण त्यामुळे झाड फुकटचे राहत नाही. परंतु साठ वर्षांच्या वडाऐवजी गावाबाहेर साठ रोपे लावली, तर हिशेब जुळतो आणि वडाखाली बसणारा चांभार उन्हात येतो. २०१९च्या डिसेंबरात सिडकोतील प्रियदर्शनी उद्यानातल्या स्मारकावरून वाद पेटला, तेव्हाही चर्चा किती झाडे जाणार या आकड्याभोवतीच फिरली. एक स्मृती आणि एक सावली यांना एकाच जागेत कसे बसवायचे, हा प्रश्न त्या आकड्यात मावणारा नव्हता.

मला आता असे वाटते की, ही मोले एकमेकांत रूपांतरित होत नाहीत हे आधी कबूल करावे. त्यांची बेरीज करण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: यांपैकी कुणाला जायला दुसरी जागा आहे? पाणकोंबडीला पाणकणसाचे बेट हवे; ते विकास आराखड्यात रंग भरून दुसरीकडे हलवता येत नाही. चालणाऱ्याला सपाट वाट, दिवे आणि थोडी सावली हवी. ती शहराला ठरवले तर प्रत्येक वस्तीत करता येते. म्हणून सरोवरावर पक्ष्यांचा हक्क आधी. पण हे म्हणताना दुसरी अटही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. दाराला कुलूप लावणाऱ्या नियोजनावर त्या चालणाऱ्यांचे ऋण चढते. ते फेडले नाही, तर निसर्गरक्षणाची झळ फक्त ज्यांच्याकडे अंगण नाही आणि दूरच्या बागेपर्यंत न्यायला गाडी नाही त्यांनाच बसते; आणि मग त्यांना पक्षी परके वाटू लागले, तर दोष कुणाचा?

सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग सही मागे घे.” मी घेतली नाही. अर्जातले गाऱ्हाणे खरे होते, मागणी चुकीच्या दाराशी केलेली होती. आज तोच अर्ज पुन्हा लिहायचा झाला, तर पाणकणसाचे वाक्य मी खोडेन, आणि सरोवराचे दार उघडा असे लिहिण्याऐवजी आमच्या वस्तीत आरक्षणाखाली नुसत्या पडून असलेल्या मोकळ्या भूखंडावर चालण्याची वाट करा, असे लिहीन. त्या अर्जावर तोही सही करील असे मला वाटते.