हरलेला डाव

परभणीच्या मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पडणं शक्यच नसतं. कूलर घरघरत असतो, पटावर 1855 सालचा कलकत्त्याचा डाव मांडलेला. पांढऱ्याकडून जॉन कॉक्रेन, पेशाने बॅरिस्टर. काळ्याकडून मोहेशचंद्र बॅनर्जी. आपल्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि मोहेशचंद्र त्याच खेळात मुरलेले. इथे मात्र विलायती नियम.

कॉक्रेन वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकतात. मोहेशचंद्रांना घाई नाही. आधी घोडा निघतो, मग राजाकडचा उंट कोपऱ्यात दबा धरून बसतो. मधली जागा समोरच्याला खुशाल घेऊ द्यायची आणि मग ती पोखरायची. पुढे 1922 साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हाच बचाव खेळला आणि त्याचंच नाव त्याला चिकटलं. बॅनर्जींचं चिकटलं नाही. हरलेल्याच्या नावाने बचाव कोण ओळखणार?

मला या डावात खरा रस चौदाव्या चालीत. किल्लेकोट होऊन राजा सुरक्षित बसलेला असताना मोहेशचंद्र त्याच्या शेजारचा हत्ती एक घर आत ओढतात. उंटाची नजर असलेल्या प्याद्याला आधार म्हणून. चाल शहाणपणाचीच दिसते, पण राजापुढचं प्यादं उघडं पडतं. अठराव्या चालीला कॉक्रेनचा घोडा नेमकं तेच मारतो. मोहेशचंद्र वजिरावर घोडा घालतात, पण आता उशीर झालेला. घोड्याचा दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, वजिराचं बलिदान. तो वजीर मारायला येतो तोच हत्ती, आणि राजाची शेवटची वाट बुजवतो. मग घोड्याची मात.

आमच्याकडे म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी. मोहेशचंद्रांचं त्या दिवशी बनलं नाही, एवढंच. बचावात खोट नव्हती. 2010 साली सोफियात जगज्जेतेपदाच्या सामन्यात विश्वनाथन आनंद याच बचावाने तोपालोव्हविरुद्ध पहिला डाव हरला आणि तरी जगज्जेता राहिला.

तुमच्याकडे पट असेल तर चौदाव्या चालीपर्यंत या. हत्ती जागेवर ठेवा, आणि काळ्याकडून पुढे खेळून बघा.