एकच गोळी, तीन मात्रा

ज्या फडताळात पूर्वी सुंठ, हिंगाष्टक आणि बाळगुटीचे सामान असावयाचे, तेथे हल्ली पुष्कळ सुशिक्षित घरांतून थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली आढळते. आमच्या कामोठ्याच्या बिऱ्हाडी तर अशा तीन बाटल्या आहेत. एक ८४ वर्षांच्या मातोश्रींची, दुसरी आमच्या सौभाग्यवतींची व तिसरी सूनबाईंची. औषध तिन्हींत एकच. मात्रा मात्र अनुक्रमे २५, १०० व ७५ मायक्रोग्रॅम. संस्कृतात ‘मात्रा’ हा शब्द छंदाच्या मापालाही चालतो आणि औषधाच्या मापालाही. दोहींकडे ती अधिक-उणी झाली की बिघाड ठरलेला.

रक्त तपासून घेणे आता अवघड राहिलेले नाही. सिडकोने वसविलेल्या या आमच्या वस्तीत महात्मा गांधी मिशनचे मोठे रुग्णालय आहे, आणि रक्त घेणारा मनुष्य सकाळी दारीही येतो. सायंकाळी मोबाईलवर आकडे उतरतात व तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. आकडा अधिक म्हणजे ग्रंथीचे काम अधिक, अशी सामान्य समजूत. परंतु टीएसएचच्या बाबतीत प्रकार बहुधा उलट असतो. हा अंक गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या रसाचा नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी तिला जी आज्ञा धाडते, त्या आज्ञेचा तो अंक आहे. जो विद्यार्थी काम करीत नाही त्याच्याच नावाने मास्तरांचा आवाज चढतो; तद्वत रस कमी पडला की ही आज्ञा वाढते, आणि रस वा गोळी अधिक झाली की ती मंदावते. प्रौढांत साधारण मर्यादा ०.४ ते ४ मानतात. प्रयोगशाळेगणिक तीत थोडा फरक पडतो. म्हणून तपासणी शक्य तो एकाच ठिकाणी करावी. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तेही आधी सांगावे, कारण त्याने आकडा फसवा येऊ शकतो.

सौभाग्यवतींचा अंक एकदा नऊवर गेला. मात्रा वाढविण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारले, “गोळी घेता कशी?” ती चहाबरोबर जात होती, आणि पाठोपाठ कॅल्शियमची गोळी. डॉक्टरांनी मात्रेस हात लाविला नाही. गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा त्यानंतर निदान अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम वा लोह चार तासांनी, एवढाच पालट केला. सहा आठवड्यांनी अंक तिनावर आला. सहा आठवडे एवढ्यासाठी की, या औषधाचा शरीरातील निम्मा अंश सरावयासच सुमारे सात दिवस लागतात आणि पिट्यूटरी त्याहूनही सावकाश जुळवून घेते. मात्रा बदलून आठ दिवसांत रक्त तपासणे म्हणजे बी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहण्यासारखे आहे.

मातोश्रींचा न्याय निराळा. त्यांचा अंक सहाच्या घरात असतो. कागदावरील तांबडी खूण पाहून एका आप्ताने मात्रा दुप्पट करण्याचा आग्रह धरिला. डॉक्टरांनी तो मानला नाही. वार्धक्यात हा अंक काहीसा वर सरकणे स्वाभाविक असते. त्यास बळेच खाली ओढू जाता हृदयाचे ठोके अनियमित होण्याची व हाडे ठिसूळ होण्याची भीती असते.

खरी कसोटी सूनबाईंच्या वेळी लागली. त्यांना दिवस गेल्याचे कळताच माहेरहून सल्ला आला की, पोटात बाळ असता असली औषधे नकोत. सल्ला मायेचा, परंतु घातक! ही गोळी म्हणजे शरीरास परके असे द्रव्य नव्हे. १८९१ साली इंग्लंडातील डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीस बरे केले. त्या उपचारावर ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी तो रस शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. आजची गोळी ही त्याच रसाची प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिकृती होय. पहिल्या काही महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेशी समर्थ नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या रसावर अवलंबून असते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद तर केली नाहीच, उलट आठवड्यास सातांच्या नऊ केल्या व दर चार आठवड्यांनी रक्त तपासविले. प्रसूतीनंतर पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू झाली. नात आता दोन वर्षांची आहे आणि दिवसभर प्रश्न विचारून मला दमविते.

एकत्र कुटुंबात पीठ-मीठ सर्वांचे एक असते, आणि तेच शोभते. परंतु सासूची गोळी संपली म्हणून सुनेच्या बाटलीतील घेणे, किंवा शेजारणीचा आकडा उतरला म्हणून तिची मात्रा आपण उचलणे, हे कदापि होऊ देऊ नये. बाटलीवर ठळक नाव घालावे. प्रत्येकाची एक वही ठेवून तीत तपासणीची तारीख, अंक व चालू मात्रा टिपावी, आणि ती डॉक्टरांपुढे ठेवावी. मात्रा वाढवावी की उतरवावी, हे त्यांनी ठरवावयाचे; वेळेवर गोळी घेणे व सहा आठवडे धीर धरणे, हे काम आपले.