पसरणी घाटात मॅटाडोर

वाई सोडली की पसरणी घाट सुरू होतो. पाचगणी जेमतेम 12 किलोमीटर; पण हाती जुनी मॅटाडोर पिकअप असेल तर एवढीच वाट मोठ्या आनंदाची होते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने 1969 पासून बनवलेली ही गाडी. आता ती निघत नाही, पण हौसेने जपणारे अजून आहेत.

तिला पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर दोन्ही हातांनी चाक ओढता ओढता दंड भरून येतात. इंजिनाचा आवाज ऐकूनच गिअर बदलायचा. गाडी दमाने चढते, म्हणून शेजारी बसलेल्या मुलाबाळांना धोम धरणाचे पाणी, कृष्णाकाठची शेते डोळे भरून पाहता येतात.

उतरताना मागे स्ट्रॉबेरीचे क्रेट असतात. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापून लागेनासे होतात. शिवाय गचके बसले की फळ दबते आणि शेतकऱ्याचा भाव पडतो.

तेव्हा वाचकहो, मागचा कितीही हॉर्न वाजवो, त्याला साइड द्यावी आणि आपण सावकाश उतरावे. माल शाबूत वाईला पोहोचला की चहा अधिकच गोड लागतो.